डिसेंबरमध्ये वडिलांना घेऊन मॉरिशसला गरवायला जाण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

खाडीवरचा (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरची पाच माणसे आठ दिवसांसाठी मॉरिशसला जात आहोत. त्यातला एक दिवस माझ्या वडिलांसाठी राखून ठेवावा असे मी ठरवले आहे आणि त्याविषयीच येथे विचारतो आहे.

वडील ७१ वर्षांचे आहेत. त्यांचे बालपण देवगडच्या खाडीकाठी गेले. हातात तंगूस, म्हणजे गरवायची नायलॉनची दोरी, टोकाला शिसे आणि गळ, आमिषाला कोलंबी, ही त्यांची गरवण्याची रीत. काठी आणि रीळ त्यांनी आयुष्यात वापरलेले नाही. नोकरीनिमित्त पुण्यात आल्यापासून त्यांचे गरवणे सुटले, ते आज चाळीस वर्षे सुटलेलेच आहे. तरीही गावी गेलो की ते संध्याकाळी जेटीवर जाऊन उभे राहतात आणि कोणाच्या तंगूसाला काय लागले आहे हे इतक्या लक्षपूर्वक पाहतात, की मला प्रत्येक वेळी अपराधी वाटते.

आमच्या हॉटेलच्या माहितीपत्रकात पश्चिम किनाऱ्यावरून निघणाऱ्या, मार्लिन या मोठ्या समुद्री माशाच्या शिकारीच्या बोटींची मोठी जाहिरात आहे. अर्ध्या दिवसाचे भाडेही आमच्या दृष्टीने बरेच आहे, परंतु वडिलांसाठी तो खर्च करण्याची माझी तयारी आहे. या वयात त्यांना ते झेपेल का? रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे, बाकी प्रकृती ठणठणीत आहे. मार्लिनऐवजी दुसरे काही सुचवाल का? येथून काय सामान न्यावे? घरात याच विषयावर मतभेदही झाला आहे. जो मासा खायचा नाही तो पकडायचाच कशाला, असे वडील म्हणतात. तर माझी तेरा वर्षांची मुलगी म्हणते की मार्लिनसारखा मासा मारायचाच असेल तर ती बोटीवर पाऊल ठेवणार नाही. दोघांचेही म्हणणे मला पटते, म्हणून अधिकच गोंधळलो आहे.

काळी नदी यांचे उत्तर

मी कामानिमित्त सहा वर्षे मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर राहिलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम जागेविषयी. बेटाला दक्षिणेचा काही भाग सोडला तर जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचे कडे आहे. कड्याच्या आतले पाणी उथळ आणि संथ असते. कड्यातल्या ठरावीक वाटांमधून होड्या बाहेरच्या समुद्रात जातात. रिव्हिएर न्वार, म्हणजे ‘काळी नदी’ नावाच्या किनाऱ्यासमोर कडे ओलांडले की तळ झपाट्याने खोल जातो आणि किनाऱ्यावरची घरे दिसत असतानाच आपण कित्येकशे मीटर खोल पाण्यावर आलेले असतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर याची कल्पना करता येत नाही, कारण आपल्याकडे तितके खोल पाणी गाठायला दिवसभर बोट हाकावी लागेल. या खोल पाण्यामुळेच मार्लिन, कुपा, वाहू यांसारखे मोठे मासे तिथे किनाऱ्याजवळ येतात. १९८८ साली याच किनाऱ्यासमोर ५०५ किलो वजनाचा माको शार्क गळाला लागला होता आणि तो कित्येक वर्षे जागतिक विक्रम म्हणून नोंदलेला होता. शिवाय वर्षाचा बराच काळ वारा आग्नेयेकडून येतो आणि पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला राहतो, त्यामुळे पूर्वेपेक्षा तिथे पाणी शांत मिळते.

डिसेंबर हा मार्लिनच्या हंगामातच येतो. नोव्हेंबर ते एप्रिल हे त्याचे महिने मानले जातात. मात्र हेच महिने चक्रीवादळांचेही आहेत. तिथे वादळाच्या इशाऱ्यांचे चार वर्ग असतात आणि इशारा नसला तरी लाटा मोठ्या असतील तर जाणता तांडेल होडी काढत नाही. म्हणून वडिलांचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवू नका. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे हवा बिघडलीच तर पुढचा दिवस हाताशी राहील.

आता मुख्य मुद्दा. मार्लिनच्या बोटीवर नेमके काय घडते हे वडिलांना आधी नीट सांगा. बोट सात-आठ नॉट वेगाने तासन्‌तास फिरत राहते, मागे चार-पाच तंगूसांवर रंगीत कृत्रिम आमिषे ओढली जातात आणि पाहुणे सावलीत बसून वाट पाहतात. आमिष लावणे, तंगूस कमी-जास्त सोडणे, मासा कुठे असेल याचा अंदाज घेणे, हे सारे खलाशी करतात. मासा लागल्यावर पाहुण्याला खुर्चीत बसवून, कमरेला पट्टा बांधून, रीळ त्याच्या हाती दिले जाते. अर्ध्या दिवसात मार्लिन लागेलच असे मुळीच नाही. रिकाम्या हाताने परतणाऱ्या बोटी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ज्या माणसाने आयुष्यभर बोटाच्या पेरावर तंगूस धरून मासा आमिषाला तोंड लावतो आहे की नुसता हुंगतो आहे हे ओळखले, त्याला पाच तास इंजिनाच्या आवाजात बसवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ती वेगळी विद्या आहे आणि तिचेही चाहते आहेत. पण ती तुमच्या वडिलांची विद्या नाही.

माझा सल्ला असा, की एखाद्या स्थानिक कोळ्याची होडी ठरवा. तिथे तिला पिरॉग म्हणतात. पहाटे कड्याबाहेर जाऊन तीस ते साठ मीटर पाण्यात तळाशी शिसे सोडून हातानेच गरवतात, अगदी आपल्यासारखे. तिथे कापितेन नावाचा चवदार मासा लागतो, व्हिएय म्हणजे आपल्या हेकरूच्या जातीतले मासे लागतात, तांबोशीच्या जातीतलेही लागतात. होडी प्रवासी नेण्यासाठी नोंदलेली आहे का आणि तीवर प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का, एवढे मात्र स्वतः जाऊन पाहा. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

जाता जाता एक सांगतो. कास्कावेल आणि आसपासच्या गावांत मराठी घरे आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे हे वंशज. दैनंदिन बोली क्रिओल असली, तरी अनेक घरांत गणपती बसतो आणि वयस्कर माणसांशी मराठीत दोन शब्द बोलता येतात. वडिलांना तिथे अवश्य न्या.

गोव्याचा गळकरी यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी स्वतः काठी-रिळाने गरवतो आणि बहुतेक मासे परत सोडतो, तरीही या बाबतीत मी हातातल्या तंगूसाच्याच बाजूचा आहे.

सामानाविषयी: मोठ्या बोटीवर सारे साहित्य त्यांचेच असते, येथून काही नेण्याची गरज नाही. पिरॉगवर जाणार असाल तर वडिलांच्या सवयीचा तंगूस लाकडी फिरकीवर गुंडाळून न्या, मात्र खाडीतला बारीक तंगूस नको. प्रवाळावर तो घासून तुटतो आणि तुटलेला तंगूस प्रवाळात अडकून वर्षानुवर्षे तिथेच राहतो. शिसे तिथेच घ्या. गळ आणि पक्कड चेक-इन सामानात ठेवा. हातातल्या पिशवीत ते विमानतळावर काढून घेतले जातात. सुती हातमोजे किंवा बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी विसरू नका. पन्नास मीटरवरून चार किलोंचा मासा ओढताना तंगूस बोट कापत जातो, आणि चाळीस वर्षे पुण्यात राहिलेल्या हातांची कातडी आता पूर्वीची राहिलेली नसेल.

पाण्याखाली बंदुकीने भाला मारून मासे धरण्यास मॉरिशसमध्ये कायद्याने बंदी आहे, आणि ब्लू बे व बालाक्लावा या सागरी उद्यानांत मासेमारीवर कडक निर्बंध आहेत. किनाऱ्यावरून गरवायचे झाल्यास जवळच्या मत्स्य खात्याच्या चौकीत आधी विचारा.

मुलीच्या आक्षेपाविषयी मला मनापासून लिहावेसे वाटते, कारण तिचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. निळा मार्लिन धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत असुरक्षित वर्गात आहे. त्यातील अतिशय मोठे मासे माद्याच असतात, म्हणजे विक्रमासाठी ज्या माशाचा हव्यास धरला जातो तीच अंडी घालणारी मादी असते. दुसरीकडे मॉरिशसमध्ये धुरावलेल्या मार्लिनला चांगली मागणी आहे आणि अनेक बोटींवर पकडलेला मासा बोटमालकाचा, असा रिवाज आहे. त्यामुळे मासा सोडायचा की ठेवायचा याचा निर्णय तो लागल्यावर घेऊ म्हणाल, तर तो तुमच्या हाती राहणारच नाही. मोठ्या बोटीवर जाणारच असाल तर मासा सोडण्याची अट पैसे देण्यापूर्वी लेखी ठरवा. सोडायचा मासा फोटोसाठी बोटीत ओढू नये. तो पाण्यातच ठेवून, बोट हळूहळू पुढे नेत, त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहू द्यावे आणि गळ निघत नसेल तर तंगूस तोंडाजवळ कापावा. तासभर झुंजून थकलेला मासा तसाच सोडून दिला, तर तो दिसेनासा झाला म्हणजे जगला असे होत नाही.

वडिलांचा नियम मात्र मला अधिक जुना आणि अधिक सोपा वाटतो. खाण्यापुरते दोन-तीन मासे धरावेत आणि तंगूस गुंडाळावा.

अलिबागचा डॉक्टर यांचे उत्तर

प्रकृतीविषयी थोडे लिहितो. अंतिम सल्ला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचाच घ्यावा.

मॉरिशस साधारण २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी अधिक जाते. अशी गोळी चालू असताना उन्हात, घाम येत असताना, पाणी कमी प्यायले तर उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते आणि होडीत चक्कर येणे धोक्याचे असते. म्हणून पहाटे निघून दहा-साडेदहाला परत यावे. बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्या वृद्धांना त्यांतल्या काही चालत नाहीत. दुकानातून परस्पर घेऊ नका. मोठ्या माशाशी पट्टा बांधून झुंजणे या वयात मी तरी टाळायला सांगेन.

आता जे फारसे कोणी सांगत नाही ते. प्रवाळाजवळच्या काही माशांत सिग्वाटेरा नावाचे विष साठते. सूक्ष्म शैवालात ते तयार होते, लहान माशांतून मोठ्या माशांत जाते, त्यामुळे मोठा हेकरू, मोठा बराकुडा आणि समुद्री वाम यांत त्याचा धोका अधिक असतो. मासा ताजा असला, नीट शिजवला, तळला किंवा गोठवला, तरी ते नष्ट होत नाही आणि चवीवरून ओळखता येत नाही. उलट्या-जुलाबांनंतर ओठांना मुंग्या येणे आणि थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागणे ही त्याची खूण आहे. कोणता मासा कुठला असेल तर खाऊ नये हे स्थानिक कोळ्यांना ठाऊक असते. तो ‘नको’ म्हणाला तर वाद घालू नये. कुप्याचे वेगळे आहे. तो उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामिन वाढते आणि अंगावर लाल चट्टे उठतात, म्हणून बर्फाची पेटी हवीच. मार्लिनसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठलेला असतो, तेव्हा मुलांना तो न दिलेला बरा.

उथळ पाण्यात अनवाणी चालू नका. तिथे दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, त्याला स्थानिक लोक ‘लाफ’ म्हणतात. काटा रुतलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

खाडीवरचा (पुणे): जाऊन आल्यानंतर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मार्लिनच्या बोटीचा विचार सोडून दिला. तिसऱ्या दिवशी ठरवलेली होडी मोठ्या लाटांमुळे निघाली नाही आणि पाचव्या दिवशी निघाली, त्यामुळे दिवस आधी ठेवण्याचा सल्ला किती मोलाचा होता ते कळले.

पहाटे साडेपाचला वडील, मी आणि मुलगी असे तिघे गेलो. कड्याच्या वाटेतून बाहेर पडताना होडी जोरात उसळली तेव्हा मी घाबरलो. वडील मात्र उभे राहून पाण्याचा रंग पाहत होते. तांडेलाशी त्यांची एकही भाषा समान नव्हती. सुमारे चाळीस मीटर पाण्यात शिसे टेकले, तेव्हा वडिलांनी तंगूस हातभर वर घेऊन तर्जनीवर धरला. ते पाहून तांडेलाने स्वतःचा तंगूस बाजूला ठेवला, डब्यातले चांगले आमिष काढून त्यांच्यापुढे सरकवले आणि पुढे तासभर तो त्यांच्याच हाताकडे पाहत राहिला. पहिले दोन मासे वडिलांच्या हातून निसटले. ‘घाई केली,’ एवढेच ते म्हणाले. तिसरा कापितेन होता, अंदाजे अडीच किलोंचा. नंतर मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवून एक लहान मासा काढला आणि आजोबांना विचारून तो परत सोडला. एक मोठा हेकरूसारखा मासा तांडेलाने स्वतःहून नकारार्थी मान हलवत पाण्यात सोडला. डॉक्टरांनी लिहिलेले आठवून मी काही विचारले नाही.

साडेनऊला दोन कापितेन घेऊन परतलो. त्यातला एक तांडेलाच्या घरी गेला. दुसरा त्याच्या बायकोने मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर घालून व्हिंदाय करून दिला. वडिलांनी दोनदा मागून घेतला आणि कोकम हवे होते असेही सांगितले. हातमोजे त्यांनी घातले नाहीत. बोटावर दोन ठिकाणी कापले आहे आणि त्यावर ते औषध लावू देत नाहीत.