रीप्रिंट आणि रीइश्यू : दोन्हीकडे पुनर्मुद्रणच?

प्रश्न : एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. एकाच पुस्तकाबद्दल आधी 'रीप्रिंट' आणि पुढच्या परिच्छेदात 'रीइश्यू' आलंय. दोन्हीकडे 'पुनर्मुद्रण' लिहिलं तर चालेल का?

– नको, ताई. प्रती संपल्या, त्याच प्रकाशकाने तोच मजकूर परत छापून घेतला, की झालं रीप्रिंट. त्याला पुनर्मुद्रण अगदी बरोबर. रीइश्यूमध्ये पुस्तक बहुधा मधली काही वर्षं मिळेनासं झालेलं असतं. मग तोच प्रकाशक किंवा दुसरा कोणी नवं मुखपृष्ठ, जमल्यास नवी प्रस्तावना घालून ते पुन्हा बाजारात आणतो. इथे 'पुनःप्रकाशन' घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, बघितला तरी अंदाज येतो : नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक चालतो, प्रकाशक बदलला की नवा घ्यावा लागतो.

आपल्या नागपुरातच बघायचं तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर जा. बाबासाहेब 1956 साली गेले. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं 1 जानेवारी 2017 पासून सगळ्यांना खुली झाली. आता एखाद्या नव्या प्रकाशकाने त्यातलं एखादं काढलं, तर त्याला पुनर्मुद्रण कसं म्हणणार? त्याने ते आधी छापलेलंच नव्हतं!

– पण भाऊ, मराठी पुस्तकांत तर सरसकट 'पाचवी आवृत्ती', 'सहावी आवृत्ती' लिहितात. त्याचं काय?

– ती आपली जुनी खोड. स्वल्पविरामही हललेला नसतो आणि आवृत्ती सहावी! आकडा मोठा दिसला की पुस्तक खपतं, दुसरं काय. खरी आवृत्ती म्हणजे मजकुरात भर किंवा बदल. बाबासाहेबांच्याच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'चं बघा. पहिली आवृत्ती 1936 ची. 1937 च्या दुसरीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेलं उत्तर जोडलं. 1944 च्या तिसरीत जातींच्या उगमावरचा त्यांचा जुना निबंध आला. याला आवृत्ती म्हणायचं.

– आणि 'रीपब्लिश'?

– तो ढोबळ शब्द आहे, 'पुन्हा प्रसिद्ध करणे' एवढाच. मासिकातला लेख पुढे संग्रहात घेतला, तर मात्र इंग्रजीत त्यालाही रीप्रिंटच म्हणतात. तिथे 'पुनर्मुद्रण' कानाला खटकतं. आपल्याकडे तळाशी 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून मासिकाचं नाव नि महिना देतात, दुसऱ्या अंकातून उचललेला असेल तर 'साभार'.

ताई, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात नव्या प्रकाशकाचा किंवा प्रस्तावनेचा उल्लेख आहे का, तेवढं बघा. असेल तर डोळे मिटून 'पुनःप्रकाशन' लिहा. नसेल तर आजूबाजूची दोन-चार वाक्यं इथे टाका.