हाँगकाँग बेट : साहेब गेला, मागे काय उरलं?

हाँगकाँगहून आलेले लोक डिस्नेलँडचेच फोटो दाखवतात. इथे लिहा ते खुद्द हाँगकाँग बेटाबद्दल, १८४२ च्या तहाने इंग्रजांना मिळालेल्या आणि १९९७ साली चीनकडे परत गेलेल्या. माझ्या लक्षात राहिल्या त्या टपालपेट्या. पूर्वीच्या लाल पेट्या आता हिरव्या आहेत, पण काहींवर मुकुट आणि राजाराणीची आद्याक्षरं तशीच आहेत. बोट फिरवलं की रंगाखाली लागतात.

दादरकर : स्टार फेरी! पलीकडच्या काउलूनहून बेटावर यायचं ते बोटीनेच, मेट्रोने अजिबात नाही. लाकडी बाकांची पाठ उलटी करता येते. बोट वळत नाही, तेव्हा परतीला आपणच पाठ ढकलायची आणि समोर तोंड करून बसायचं. ही फेरी १८८८ मध्ये सुरू करणारे दोराबजी नवरोजी मिठाईवाला, मुंबईकडचे पारशी! हे कळल्यावर मी बायकोला तीनदा ऐकवलं.

सोनचाफा : कॉजवे बे भागात रोज दुपारी बाराला तोफ उडते. रस्त्याखालच्या बोगद्यातून तिथे जावं लागतं आणि वाट सहज सापडत नाही. गणवेशातला माणूस आधी घंटा वाजवतो, मग धडाम! पर्यटक टाळ्या वाजवतात. तोफ जार्डिन कंपनीची. या कंपनीने चीनमध्ये अफू विकून पैसा केला आणि त्यातली बरीचशी माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. आपले जे. जे. हॉस्पिटलवाले जमशेटजी जीजीभॉय या जार्डिनचे जुने व्यापारी स्नेही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत.

खवय्या : चहा प्या. कडक, कापडी गाळणीतून पुन्हा पुन्हा ओतलेला, त्यात डब्यातलं आटीव दूध. आलं-वेलची नाही तरी जमतो. सोबत पायनॅपल बन. त्यात अननस नसतो, उगाच शोधू नका.

निशिगंध : व्हिक्टोरिया पीक या बेटावरच्या डोंगरावर सगळे जातात, देखावा आहेच. पण १९०४ च्या कायद्याने त्या डोंगरावर चिनी लोकांना राहायला मनाई होती, घरगडी तेवढे चालायचे. कायदा रद्द झाला १९४६ मध्ये. वरच्या मॉलमध्ये गर्दीत उभं असताना हे कुणी सांगत नाही. आमच्या गाइडनेही नाही. त्याला आम्हाला दुकानात न्यायची घाई.

दादरकर : @निशिगंध, तुमचं पटलं. पण मग वरून पायी उतरा ना, मस्त सावली आहे!

प्राजू : आईबाबांना नेणार असाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर. एप्रिल-मेमध्ये भिंतींनासुद्धा घाम फुटतो. बेटावरच्या सेंट्रल भागातून वर जाणारे सरकते जिने सकाळी दहापर्यंत फक्त खाली येतात, तेव्हा दहानंतरच निघा. ट्रॅममध्ये मागून चढायचं, पैसे पुढून उतरताना. शाकाहाराची चिंता असेल तर वान चाईच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. डोकं झाकायला रुमाल मात्र जवळ ठेवा.