फोन टॅपिंगवर ‘आपला तो बाब्या’ किती चालतं, हे मोजायचं कसं?

लोकमान्यनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत यंदा एक संध्याकाळ फोन टॅपिंग, पेगासस (फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) वगैरे विषयाला दिली आहे. वक्ते बोलायच्या आधी श्रोत्यांचा लेखी कौल घ्यायचा आणि निकाल तिथल्या तिथे सांगायचा, असा बेत आहे. पाहायचं एवढंच, की तीच पाळत आपल्या पक्षाने ठेवली तर देशहित आणि दुसऱ्याने ठेवली तर आणीबाणी, असं आपल्यात किती जणांचं होतं.

माझा कच्चा प्रश्न: ‘भाजप सरकारने विरोधकांचे फोन टॅप केले तर चालेल का?’ आणि त्याच कागदावर खाली तोच प्रश्न काँग्रेसच्या नावाने. खुर्च्या १२०. साधारण निम्मे निवृत्त, निम्मी कॉलेजची मुलं. मुलांना मराठीपेक्षा हिंदी वाचायला सोपं जातं.

प्रश्न ठीक आहे का? १२० माणसं पुरतात का? आणि नंतर पडद्यावर दाखवायला खऱ्या घटनांच्या कोणत्या जोड्या घ्याव्यात? अमेरिकेतला एक आकडा सगळीकडे फिरतो: २००६ मध्ये पाळत मान्य असलेले रिपब्लिकन ७५ टक्के आणि डेमोक्रॅट ३७ टक्के, ओबामांच्या काळात २०१३ मध्ये तेच ५२ आणि ६४. तो लावू का?

आकडेमोड

दोन्ही प्रश्न एका कागदावर अजिबात देऊ नका. खालचा प्रश्न दिसला की माणसाला डाव कळतो. तो दोन्हीकडे ‘नाही’ लिहितो आणि अख्खा हॉल संतांचा निघतो. प्रत्येकाच्या हातात एकच कागद, त्यावर एकाच पक्षाचं नाव. तुलना माणसाच्या दोन उत्तरांची नाही, दोन गटांची करायची.

‘चालेल का’ हेही फार मोघम आहे. कोणी ऐकलं, किती दिवस, कोणाच्या सहीने, हे सांगितलं नाही तर प्रत्येक जण आपल्या डोक्यातली घटना तिथे बसवतो. असं काही लिहा:

‘एका राज्यात ____ पक्षाचं सरकार आहे. तिथल्या गृहसचिवांनी विरोधी पक्षाच्या तीन आमदारांचे फोन ६० दिवस ऐकण्याचा आदेश काढला. कारण सार्वजनिक सुरक्षिततेचं दिलं आहे. हे तुम्हाला कितपत योग्य वाटतं?’

उत्तरं चारच: पूर्ण योग्य, बऱ्यापैकी योग्य, फारसं योग्य नाही, अजिबात योग्य नाही. ओळखीपाळखीच्या हॉलमध्ये मधला पर्याय ठेवला की सगळे तिथेच जाऊन बसतात. राज्याचं नाव घालू नका, मध्य प्रदेश तर नकोच. इथे डिसेंबर २००३ पासून मधले पंधरा महिने सोडले तर भाजपच आहे, म्हणजे काँग्रेसचा कागद वाचणारा थेट कमलनाथांच्या त्या पंधरा महिन्यांत जाऊन पोचतो आणि त्या काळाबद्दलचा राग-लोभ उत्तरात उतरतो.

कागद ६० आणि ६० छापा, आधीच एकाआड एक लावून गठ्ठा करा आणि रांगेने वाटत जा. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा असं करू नका, कारण मंडळाच्या कार्यक्रमात कुटुंबं आणि मित्रमंडळी एका बाजूला बसतात. शेजारच्या कागदात डोकावणं मात्र होणारच, म्हणून घडी घालून वाटा आणि कागद पेटीत पडेपर्यंत माईकवरून पक्षाचं नाव कोणीही काढायचं नाही. मराठी आणि हिंदी मजकूर एकाच कागदाच्या दोन बाजूंना घ्या. वेगळे हिंदी कागद केलेत तर सगळी मुलं त्या गठ्ठ्यात जातील आणि तो गठ्ठा नीट आलटून-पालटून लावलेला नसेल तर वयाचा फरक पक्षाचा फरक म्हणून मिरवेल.

आता १२०. दोन गटांत प्रत्येकी ६० असतील तर निव्वळ योगायोगानेच फरक १८ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे एका गटात ३० टक्के ‘योग्य’ आणि दुसऱ्यात ४० आले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ३० विरुद्ध ५० एवढा ढळढळीत फरक पाचातून चार वेळा पकडायचा म्हटलं तरी गटात ९३ माणसं लागतात. आणि तुम्हाला खरं तर चार गट हवेत: भाजपच्या बाजूचे आणि काँग्रेसच्या बाजूचे, प्रत्येकाचे दोन कागद. म्हणजे ३७२. एका हॉलचं हे काम नाही. हॉलमध्ये करा, पण टक्केवारी दशांशात सांगू नका.

अमेरिकेचा आकडा खरा आहे, पण दोन वर्षांचा प्रश्न एक नव्हता. २००६ मध्ये दहशतवादाच्या संशयितांचे परदेशाशी होणारे फोन आणि ईमेल कोर्टाच्या परवानगीशिवाय ऐकण्या-वाचण्याबद्दल विचारलं होतं. २०१३ मध्ये कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी गुप्त कोर्टाच्या आदेशाने घेण्याबद्दल. त्यामुळे ७५ वरून ५२ ही सगळी घसरण पक्षाच्या खात्यावर टाकता येत नाही. दोन पक्षांची उलटापालट झाली, एवढंच ठामपणे सांगता येतं. लावायचाच असेल तर दोन्ही प्रश्न खाली छापा.

लष्करवाला वकील (ग्वाल्हेर)

कौलाचं आकडेमोड यांनी सांगितलंच. जोड्यांबद्दल माझं म्हणणं असं, की दोन घटना एकाच कलमातल्या असतील तरच शेजारी ठेवा. लोक चार वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘टॅपिंग’ म्हणतात.

बोलणं ऐकणं म्हणजे पूर्वी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२), आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम २० आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम. सही केंद्रात किंवा राज्यात गृहसचिवाची. मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. तातडीत खालच्या अधिकाऱ्याने सुरू केलं तर ७ कामकाजाच्या दिवसांत मंजुरी लागते. संगणक, इंटरनेट यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि २००९ चे नियम. कोणी कोणाला किती वाजता फोन केला, या नोंदी म्हणजे सीडीआर. त्या पोलीस तपासात मागवतात, गृहसचिवाकडे जावं लागत नाही. आणि फोनमध्ये घुसखोर सॉफ्टवेअर टाकणं ही चौथीच गोष्ट. ते कलम ६९ मध्ये बसतं की कलम ४३ आणि ६६ खालचा गुन्हा होतो, हाच वाद आहे.

आता नीट जुळणाऱ्या जोड्या. कलम ६९ चं आजचं रूप डिसेंबर २००८ मध्ये यूपीएने लोकसभेत चर्चेविना मंजूर करून घेतलं. २० डिसेंबर २०१८ ला केंद्राने त्याच कलमाखाली दहा यंत्रणांची यादी काढली, तेव्हा काँग्रेसने आकाशपाताळ एक केलं आणि भाजपने ‘नियम तुमचेच आहेत’ म्हणून हात वर केले. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर होतं, गंमत तीच आहे. त्याच सुमारास २०१३ चं एक माहिती अधिकारातलं उत्तर बाहेर आलं: यूपीएच्या काळात एकटं केंद्र महिन्याला ७,५०० ते ९,००० फोन ऐकण्याचे आदेश काढत होतं. भाजपवाल्यांनी ते ढालीसारखं वापरलं. पण हे आदेश तपासणारी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश. डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हे अशक्य काम असल्याचं लिहून ठेवलं. तो मुद्दा ना ढालवाल्यांनी उचलला ना तलवारवाल्यांनी.

दुसरी जोडी टपालाची, आणि ही हटकून घ्या, कारण कोणाला आठवत नाही. १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने पत्रं अडवून उघडायची मुभा देणारं विधेयक संसदेतून काढलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही, विरोधकांनी रान उठवलं, शेवटी २००२ मध्ये वाजपेयी सरकारने ते मागे घेतलं. मग २०२३ च्या टपाल कायद्याच्या कलम ९ मध्ये तशीच मुभा परत आली. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत तो मंजूर झाला तेव्हा विरोधी बाकांवरचे बरेच खासदार निलंबित होते.

आधारचीही आहे. पहिला क्रमांक २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत यूपीएने दिला. २०१३ मध्ये विरोधी बाकांवर असलेल्या भाजपच्या जेटलींच्या सीडीआर पोलिसांतल्याच काहींनी काढल्या, तेव्हा त्यांनी लेख लिहून खासगीपणाची बाजू मांडली आणि आधारबद्दलही शंका काढली. मार्च २०१६ मध्ये अर्थमंत्री म्हणून आधार विधेयक धनविधेयकाच्या (म्हणजे राज्यसभेची संमती लागत नाही अशा) वाटेने मांडलं ते त्यांनीच. आणि त्या वाटेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते काँग्रेसचे जयराम रमेश.

सुदामानगर

वकीलसाहेब, हे सगळं खरं, पण एक धोका आहे. प्रत्येक वेगळी प्रतिक्रिया दुटप्पीच असते असं नाही. राजस्थानचं घ्या. तिथल्या काँग्रेस सरकारमधल्या २०२० च्या बंडाळीत आमदारांच्या ध्वनिफिती बाहेर आल्या, भाजपने सीबीआय चौकशी मागितली, काँग्रेसने फितीत काय आहे ते बघा म्हटलं. वर्षभराने, जुलै २०२१ मध्ये पेगासस निघालं आणि दोघांनी भूमिका अदलाबदल केल्या. पण राजस्थान सरकारने विधानसभेत निदान एवढं तरी उत्तर दिलं, की टॅपिंग सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि कायद्यानुसार होतं. पेगासस वापरलं की नाही, हे केंद्राने न्यायालयालाही सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, ५ मध्ये घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं ठरलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असंही समितीने नोंदवलं. आता एखादा म्हणाला, की आदेशाचा दावा असलेलं प्रकरण मला कमी खुपतं, तर तो पक्ष बघतोय की कागद?

उलटही होतं. महाराष्ट्रात पटोले, राऊत, खडसे यांचे फोन ऐकल्याची प्रकरणं घ्या. आदेश होते, पण नंबर दुसऱ्याच नावाने आणि भलत्याच कारणाखाली पाठवल्याचा आरोप होता. २०२२ मध्ये एका सरकारच्या काळात गुन्हे दाखल झाले, सरकार बदललं, सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. नुसता ‘आदेश होता’ हा खुलासा तिथे पुरत नाही. गृहसचिवासमोर येते ती यादी, नंबरामागचा माणूस कोण हे खालून सांगितलं तेच.

शिवाय सगळीकडे पक्षाची रेघच उमटते असंही नाही. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये कलम ७०२ (परदेशी लोकांवरच्या पाळतीचं कलम) च्या माहितीत आपल्याच नागरिकांचा शोध घ्यायला वॉरंट लागावं, या दुरुस्तीवर २१२ विरुद्ध २१२ मतं पडली आणि दुरुस्ती फेटाळली गेली. बाजूने १२८ रिपब्लिकन आणि ८४ डेमोक्रॅट, विरोधात ८६ आणि १२६. दोन्ही पक्ष मधोमध चिरले गेले.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

सगळ्यांचे आभार. मग कागदावर ‘आदेश होता की नव्हता’ हेही बदलू का? आणि श्रोत्याचा पक्ष कोणता, हे विचारायचं कसं? २०२४ ला मत कोणाला दिलं, असं विचारलं तर?

आकडेमोड

भिया, इंदुरात २०२४ चं मत विचारून काय हाती लागणार? काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला होता. २ लाख १८ हजारांवर मतं नोटाला गेली. ते नोटावाले काँग्रेसचे होते की रागावलेले भाजपवाले, हे तुम्ही कसं ओळखणार? ‘त्यातल्या त्यात कोणता पक्ष जवळचा वाटतो’ असं विचारा, ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा, आणि प्रश्न शेवटी घ्या. आधी विचारलात तर माणूस पक्षाची टोपी घालूनच पुढचं वाचतो.

सुदामानगर यांचा आक्षेप रास्त आहे, पण त्यावरचा इलाज तुमच्या कागदात आधीच आहे. दोन्ही कागदांत सही, मुदत, कारण सगळं सारखं, बदलतं ते फक्त पक्षाचं नाव. तरीही फरक आला तर तो कागदपत्रांचा नाही. आदेश असणं-नसणं हेही बदललंत तर चाराचे आठ गट होतील. १२० माणसांत ते जमणार नाही, सोडा.

मोठी अडचण वेगळीच आहे. तुमच्या हॉलमध्ये भाजपकडे झुकणारे ८० आणि काँग्रेसकडे झुकणारे १५ असतील, तर मोजला जाईल तो एकाच बाजूचा दुटप्पीपणा. दुसरी बाजू निव्वळ कमी माणसं आली म्हणून सोवळी ठरेल, आणि तुमचा कौल हाच एक पक्षपाती पुरावा होऊन दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरेल. दुसरी बाजू जास्त असलेल्या एखाद्या सभेत हेच कागद आधी भरून घ्या आणि दोन्ही निकाल एकदमच दाखवा. ते जमत नसेल तर पक्षनिहाय आकडा दाखवूच नका, कार्यक्रम वकीलसाहेबांच्या जोड्यांवर चालवा.

गूगल फॉर्म करणार असाल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा. ‘एकच उत्तर’ हा पर्यायही बंद, नाहीतर तो लॉगिन मागतो. गट पाडायला जन्मतारीख सम की विषम एवढंच विचारून वेगळ्या भागात पाठवा, पूर्ण तारीख घेऊ नका. लिंक मंडळाच्या ग्रुपवर आदल्या दिवशी टाकू नका, दोघं-तिघं दोन्ही कागद उघडून पाहतात आणि स्क्रीनशॉट टाकतात.

लष्करवाला वकील (ग्वाल्हेर)

एक राहिलं. ‘गृहसचिव’ म्हटलं की अर्ध्या लोकांना गृहमंत्री वाटतात. कागदावर ‘गृहसचिव (सरकारी अधिकारी)’ असं छापा, नाहीतर दोन्ही गटांत उत्तरं मंत्र्याच्या चेहऱ्यावर पडतील.