दिवसाला २२ डॉलर : ऑन्टारियोत डेकेअर स्वस्त झाले, पण जागा कुणाला मिळते?

क्रेडिटकाठ :
कॅनडाचे केंद्र सरकार आणि प्रांत यांच्या संयुक्त योजनेत सामील झालेल्या ऑन्टारियोतील परवानाधारक डेकेअरमध्ये, सहा वर्षांखालील मुलांचे शुल्क जानेवारी २०२५ पासून दिवसाला कमाल २२ डॉलर आहे. हेतू चांगला आहे, परंतु रचना सदोष आहे, असे माझे मत आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात केंद्राने पाच वर्षांसाठी ३० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद करून दिवसाला सरासरी दहा डॉलरचे उद्दिष्ट ठेवले आणि ऑन्टारियोने सर्व प्रांतांच्या शेवटी, मार्च २०२२ मध्ये, करारावर सही केली. दर उतरला की मागणी वाढणार हे उघड असताना जागा वाढण्याआधीच दर उतरवला गेला. पूर्वी पैसा पाहून होणारी निवड आता प्रतीक्षायादीतल्या क्रमांकावर होते. बाळ पोटात असतानाच नाव नोंदवायचे असते हे येथे मुरलेल्या कुटुंबांना ठाऊक असते. पुण्याहून नुकत्याच आलेल्या जोडप्याला ते कळेपर्यंत मूल चालू लागलेले असते. शिवाय दोघेही डॉक्टर असलेल्या घरालाही तोच दर! त्यापेक्षा उत्पन्नानुसार अनुदान थेट पालकांच्या हाती द्यावे आणि शुल्क चालकांना ठरवू द्यावे.

ब्रॅम्प्टनची सून :
शुल्क चालकांवर सोडले की काय होते, ते २०२० पर्यंत आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा टोरोंटोत तान्ह्या बाळाच्या जागेसाठी महिन्याला १,८०० डॉलरहून अधिक मोजावे लागत. आज तीच रक्कम ५०० च्या आत आहे. दुसरे मूल झाले की दोघांपैकी कमी पगाराची नोकरी सोडायची, हा हिशेब घरोघरी मांडला जाई आणि ती नोकरी बहुधा बाईचीच असे. आपल्या लोकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे आईला नाहीतर सासूबाईंना सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांसाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर) बोलावून घेणे. साठी उलटलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या बाईने जानेवारीच्या बर्फात घरात कोंडून घेऊन नातवामागे धावायचे, आणि त्याला आपण संस्कार म्हणायचे! क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरचा दर लागू केल्यावर तेथील मातांचे नोकरीतील प्रमाण वाढले. तेथेही प्रतीक्षायाद्या लांबल्या हे मान्य, पण म्हणून दर पुन्हा वाढवा असे तेथील पालक म्हणत नाहीत.

ताळेबंद :
डेकेअर केंद्रांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून आकड्यांवर येतो. अठरा महिन्यांखालील दहा बाळांमागे तीन कर्मचारी, असा ऑन्टारियोचा नियम आहे. नोंदणीकृत बालशिक्षिकेला या योजनेत २०२४ साली तासाला किमान २३.८६ डॉलर ठरले होते. तिघींनाही तोच दर धरला, तर आठ तासांचे सुमारे ५७३ डॉलर होतात. पालकांकडून दहा बाळांचे येणार जास्तीत जास्त २२०. यात भाडे, जेवण, विमा आलेलाच नाही. (तिघीही नोंदणीकृत असाव्यात अशी सक्ती नाही, हे खरे, पण दरी त्याने बुजत नाही.) म्हणजे डेकेअर सरकारी पैशावरच चालते. पूर्वी तो पैसा, दर उतरवल्याने बुडालेल्या शुल्काची भरपाई म्हणून मिळे. जानेवारी २०२५ पासून तो प्रांताने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडांनुसार, नफ्याऐवजी एक ठरावीक रक्कम धरून मिळतो. ज्यांचे जुने शुल्क कमी होते त्यांना भरपाईच्या पद्धतीत कायम कमीच मिळे, तो अन्याय यात कमी झाला. पण मापदंडात न बसणारा खर्च चालकाच्याच अंगावर पडतो, आणि नवे केंद्र काढणारा सर्वांत आधी बाळांच्या खोलीलाच कात्री लावतो.

क्रेडिटकाठ :
मग हे माझ्याच म्हणण्याला दुजोरा देणारे नाही का? दर सरकारचा, पगाराचा किमान दर सरकारचा, नफाही सरकार ठरवणार आणि त्यावर नफा कमावणाऱ्या केंद्रांच्या जागा एकूण जागांच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट. अशा स्थितीत नवी गुंतवणूक कोण करील?

ब्रॅम्प्टनची सून :
ना-नफा संस्था, शाळा आणि नगरपालिका करू शकतील. त्यांना इमारतीसाठी भांडवल मिळाले तर. आपण सुचवलेले अनुदान पालकांच्या हाती आले, की जागा तेवढ्याच असल्याने चालक पुढच्याच महिन्यात तेवढे शुल्क वाढवतील आणि बाळांच्या खोलीत जागा एकही वाढणार नाही.

ताळेबंद :
भांडवल मिळाले तरी नोंदणीकृत शिक्षिका कुठून आणणार? माझ्या एका ग्राहकाची खोली परवान्यासह तयार आहे, पाळणेही आले आहेत, आणि शिक्षिका मिळत नाही म्हणून ती बंद आहे.