मदत हवी आहे: हाडांसाठी वजनाचे व्यायाम कसे सुरू करू?

वय ५१, पाळी जाऊन वर्ष झालं. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी केलेली तुलना, उणे १.८ आला, म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं विरळ व्हायची सुरुवात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की हाडं झपाट्याने विरळ होतात, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे. मी नियमित पोहते, पण पाण्यात हाडांवर भार येत नाही, त्यामुळे हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून आता वजनं उचलायची आहेत. गुडघे मात्र कुरकुरतात, आणि पुढे वाकून काही उचलताना मणक्याची धास्ती वाटते. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा कधी आधाराशिवाय चालली नाही, ते डोक्यातून जात नाही.

या वयात कुणी सुरुवात केली आहे का? किती वजनापासून? फिजिओथेरपिस्ट मैत्रिणींनो, कुठल्या हालचाली टाळायच्या तेही सांगा.