संध्याकाळची शाळेची एसटी सारखी रद्द होते. अर्जात नेमकं काय मागायचं?

फाट्यावरचा पालक
नमस्कार. आमच्या गावापासून तालुक्याची माध्यमिक शाळा १८ किमी. आठवी ते बारावीची ६२ मुलं रोज एसटीने जातात, त्यांत ३५ मुली. शाळा १०:३० ते ५. सकाळी मुक्कामी गाडी साडेसहाला निघते, ती फारच लवकर होते. पुढची ९:५० ला. ती मूळ गावातच भरते, वाडीवर आणि फाट्यावर थांबत नाही, आणि स्टँडला पोचेपर्यंत १०:४० होतात. संध्याकाळची ५:३० ची फेरी आठवड्यातून दोन-तीनदा येतच नाही. मग एकदम ७ ची. डिसेंबरात सहालाच अंधार पडतो, मुली स्टँडवर ताटकळतात.

"जादा गाडी मिळावी" असे तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा "गाड्या कमी आहेत" एवढंच उत्तर. अर्जात काय लिहावं, कुणाला द्यावा? पास नसलेली मुलंही बरीच आहेत, त्याने काही फरक पडतो का?

वाहतूक शाखा, निवृत्त
सगळ्यात आधी अर्जातून "जादा गाडी" काढा. जादा गाडी द्यायची तर गाडी, चालक, वाहक तिन्ही नवे लागतात, आणि ते आगार व्यवस्थापकाच्या हातात नसतं. फेरीची वेळ पुढे-मागे करणं आणि एका गाडीची फेरी दुसऱ्या गाडीला जोडणं हे मात्र आगारातच होऊ शकतं. तुमचं दुखणं याच दोन गोष्टींनी बरं होण्यासारखं आहे.

५:३० ची फेरी का बुडते ते समजून घ्या. गाडी दिवसभर एका जागी उभी नसते. सकाळी मुलं आणून सोडली की तीच गाडी बहुतेक वेळा जिल्ह्याच्या किंवा आणखी लांबच्या फेरीला जाते आणि परतल्यावर तिला तुमच्या गावची फेरी लावलेली असते. लांबची गाडी घाटात किंवा शहराच्या गर्दीत पाऊण तास अडकली की ५:३० ची फेरी गेलीच. तोवर चालक-वाहकाची ड्युटी संपत आलेली असते, मग स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक ती रद्द करून मोकळा होतो. तेव्हा मागणी अशी लिहा: "५:३० ची फेरी लांब पल्ल्याच्या गाडीवरून काढून, दुपारी ४ नंतर तालुक्यातच फिरणाऱ्या गाडीला जोडावी." अशी गाडी जवळपास प्रत्येक आगारात असते.

हे मागण्याआधी १५ शाळेच्या दिवसांची नोंद ठेवा. वहीत पाच रकाने: तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, गाडीचा क्रमांक, रद्द असेल तर नियंत्रकाने खिडकीवर सांगितलेलं कारण. कारण शब्दशः लिहा. "लांबची गाडी आली नाही", "गाडी नादुरुस्त" आणि "चालक नाही" या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर जोडणी बदलायची. दुसऱ्यावर कार्यशाळेकडे बोट दाखवता येतं. तिसरं कारण आठवड्याच्या ठराविक वारीच येत असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या बदलीची अडचण आहे, आणि ती आगार व्यवस्थापकालाच सोडवावी लागते.

सकाळच्या गाडीसाठी ९:५० ऐवजी ९:२५ मागा. २५ मिनिटांसाठी आगार सहसा अडून बसत नाही, पण त्या गाडीची आधीची फेरी कुठून येते ते नियंत्रकाला विचारून मगच आकडा टाका. अशक्य वेळ लिहिली की अख्खा अर्ज बाजूला पडतो. सोबत थांब्यानुसार मुलांची संख्या द्या: मूळ गाव इतकी, वरची वाडी इतकी, फाटा इतकी. साध्या गाडीत आसनं ४०-४४ च्या आसपास. ६२ मुलं आणि वर बाजारकरी म्हटल्यावर शेवटच्या थांब्यावर गाडी न थांबणं ठरलेलंच. फाट्यावरून दुसऱ्या रस्त्याची एखादी साधी गाडी जात असेल तर फाट्याची मुलं तिच्यावर वळवा. पहिल्या गाडीतले १५ जण कमी झाले तरी वाडीवर ब्रेक लागतो.

अर्ज आगार व्यवस्थापकाला, प्रत विभाग नियंत्रकांना. मुख्याध्यापकांचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. पोच म्हणून शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुख्याध्यापिका, माध्यमिक
पासाबद्दल विचारलंत, आणि फरक तर पडतोच. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास आहे. मुलग्यांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंतच असतं, म्हणजे आठवी-नववीच्या मुलग्याला पास नसला की पूर्ण तिकीट. साध्या गाडीचा ६ किमीचा टप्पा २५ जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर १० रुपये ५ पैसे झाला. १८ किमी म्हणजे तीन टप्पे, जाऊन-येऊन रोजचे साधारण ६० रुपये. एवढ्यावर गरीब घरातलं मूल आठवड्यातून दोन दिवस घरी राहतं, आणि हजेरीत ते "आजारी" म्हणून लागतं. फार वाईट वाटतं हे.

कागद थोडेच: शाळेचा सही-शिक्क्याचा दाखला, फोटो, आधारची प्रत. एसटीचे कर्मचारी शाळेत येऊन पास देतात, पण त्यासाठी शाळेने मुलांची यादी आधी आगारात पोचवावी लागते. यादीत थांब्याचं नाव चुकलं तर भांडण रोज वाहकाशी होतं. वाडीला स्वतंत्र टप्पा नसेल तर शाळेपासून लांबच्या बाजूचा टप्पा लिहा. गावाच्या नावाचं स्पेलिंगही आगाराच्या तक्त्यावर आहे तसंच हवं. शक्यतो सगळ्यांचे पास एकाच तारखेला काढा. संपण्याची तारीख वर्गाच्या फळ्यावर एका कोपऱ्यात राहू द्या, नाहीतर महिन्याच्या मध्ये कुणाचा तरी संपतोच.

फाट्यावरचा पालक
मनापासून आभार. ताई, एक शंका. बऱ्याच मुली महिलांच्या ५० टक्के सवलतीवर तिकीट काढून जातात. पास नाही काढला तर आगाराच्या दृष्टीने काही बिघडतं का? उलट तिकिटाने उत्पन्न दिसेल ना?

वाहतूक शाखा, निवृत्त
तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पासवाल्याचं रोज तिकीट फाटत नाही, म्हणून फेरीचं उत्पन्न कागदावर कमी दिसतं आणि फेऱ्या कमी करायची वेळ आली की अशीच फेरी आधी डोळ्यांत येते. त्यावर उपाय म्हणजे अर्जात पासधारकांचा आकडा ठळक लिहिणं: मोफत पास इतके, सवलतीचे इतके. हे पैसे शासन महामंडळाला देतं, म्हणजे ते प्रवासी फुकटचे नाहीत. मुलीचे पैसे वाचवून फेरीही वाचते. पास काढाच.

आणखी दोन गोष्टी अर्जात घाला. शनिवारी शाळा सकाळची असेल तर शनिवारच्या वेळा वेगळ्या लिहा, नाहीतर ती मुलं दुपारी बारापासून पाचपर्यंत बसून राहतात. दहावी-बारावी बोर्डाचा पेपर ११ ला सुरू होतो, केंद्रावर साडेदहाला हजर व्हावं लागतं. त्या दिवसांसाठी जानेवारीतच वेगळं पत्र द्या.

ग्रामपंचायत सदस्य
रस्त्याचं काम गावाकडे आहे, ते विसरू नका. बाभळीच्या फांद्या काचेला लागतात, साइडपट्टी खचली आहे, फरशी पुलावर पाणी आहे, असं चालकाने लिहून दिलं की फेरी बंद होते आणि ती परत सुरू व्हायला रस्त्याची पाहणी करावी लागते. जूनच्या आधी फांद्या तोडा, साइडपट्टीवर मुरूम टाका. पाणी ओसरल्यावर तसं पत्र त्याच दिवशी आगारात द्या, वाट पाहत बसू नका.

गाडी वळवायची जागा मोकळी ठेवा. मुक्कामाच्या गावात पारापाशी दुचाक्या आणि सरपण पडलेलं असतं, त्यामुळे अकरा मीटरची गाडी तीनदा मागे-पुढे घ्यावी लागते. नेमकी त्याच वेळी मुलं जागा धरायला मागून धावत येतात. वाहकाने खाली उतरून शिट्टी मारत गाडी मागे घ्यायला लावायची, आणि गाडी पूर्ण वळून दार उघडेपर्यंत मुलांनी पाराच्या आतच थांबायचं. चुन्याची एक रेघ मारून दिली तरी लहान मुलं बरोबर तिच्या आत उभी राहतात.