गाभण कुत्री आणि होणारी पिल्ले यांना जंतांपासून वाचवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या शेतावरची राखणीची कुत्री गाभण आहे. तिच्या मागच्या वेतातली बरीच पिल्ले पोट फुगून आणि काळसर, रक्तमिश्रित हगवण लागून दगावल्यामुळे या वेळी आधीच तयारी करावी, असा विचार आहे.

गोलकृमींच्या अळ्या आईच्या शरीरात सुप्त राहून गाभणकाळात वारेतून पिल्लांपर्यंत पोहोचतात आणि अंकुशकृमींच्या अळ्या दुधावाटे जातात, म्हणून पिल्ले दोन आठवड्यांची झाल्यापासून दर पंधरवड्याला त्यांना आणि आईला पायरँटेल हे जंतनाशक द्यायचे ठरवले आहे. मात्र गाभणपणाच्या ४०व्या दिवसापासून विण्यानंतर १४ दिवसांपर्यंत आईला रोज फेनबेंडाझोल देण्याचीही पद्धत आहे. ती कोणी पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली वापरली आहे का, आणि कुत्र्यांसाठीचे औषध ग्रामीण भागात कुठे मिळते? (गुरांच्या मोठ्या गोळीचे तुकडे करून अंदाजाने देणे मला पटत नाही.)

खरी अडचण जागेची आहे. गोठ्यामागची जमीन ओलसर आणि सावलीची असून गोलकृमींची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि फिनाइलने ती मरत नाहीत. तेव्हा वरची माती काढून फरशी घालावी, की बाळंतपणाची जागाच उन्हाच्या बाजूला हलवावी? घरातली लहान मुले तिथेच अनवाणी खेळतात, त्यामुळे अनुभवी सदस्यांनी कृपया याबाबत सविस्तर लिहावे. पिसवांमुळे होणाऱ्या पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल केव्हा द्यावे, हेही सांगावे.